झडतीचा कागद

(शनवारा, बुऱ्हाणपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



वॉरंट नसताना होणारी घरझडती आणि नागरिकाचे हक्क हा आजचा विषय. या विषयावर बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘वॉरंट नसेल तर पोलीस घरात शिरू शकतात का?’ बहुतेकांना ‘नाही’ हे उत्तर हवे असते. सिनेमाने आणि ऐकीव माहितीने आपल्याला तेच शिकवले आहे. पण ते खरे नाही. आपल्या कायद्यात पोलिसांना काही परिस्थितीत वॉरंटशिवाय झडतीचा अधिकार आहे, आणि तो इंग्रजांच्या काळापासून आहे.

म्हणून दारात उभे राहून नुसते ‘वॉरंट दाखवा’ म्हणणाऱ्याचा हक्क तिथेच संपतो, असे मात्र नाही. कायद्याने पोलिसांना न्यायाधीशाच्या कागदातून सूट दिली, पण स्वतःच्या कागदातून दिलेली नाही. वॉरंट नसेल तर कारण हवे, ते कारण झडतीआधी लिहिलेले हवे, झडती पंचांसमोर हवी, जप्तीची यादी हवी आणि तिची प्रत घरातल्या माणसाच्या हातात पडायला हवी. घराचे रक्षण या चार-पाच कागदांत आहे, आणि ते कागद मागणारा माणूस नसेल तर ते कोणी आपणहून देत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकीचे सगळे त्याच्या पुष्ट्यर्थ आहे.

आधी कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुने कलम १६५ आता कलम १८५ झाले. गुन्ह्याचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात वॉरंटशिवाय झडतीची मुभा आहे. मात्र तपासाला आवश्यक वस्तू त्या जागी सापडेल असे मानायला वाजवी कारण असले पाहिजे, आणि दुसऱ्या मार्गाने ती मिळवायला गेल्यास अवाजवी उशीर होईल अशी स्थिती असली पाहिजे. हे कारण त्याने केस डायरीत लिहायचे. शक्य तितके नेमके, काय शोधायला जातो आहोत तेही लिहायचे. शक्य असेल तर झडती स्वतः घ्यायची. हाताखालच्या माणसाला पाठवायचे तर त्याचे कारण नोंदवून त्याला लेखी आदेश द्यायचा. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. आणि घरमालकाने किंवा घरात राहणाऱ्याने अर्ज केला, तर दंडाधिकाऱ्याने त्याला ती प्रत विनामूल्य द्यायची आहे.

हे शेवटचे वाक्य घरी गेल्यावर लिहून ठेवा. आपल्याकडे लोक सांगतात, ‘थाने से लोग आए, तलाशी ली, कागद काही दिला नाही.’ मग ते वर्षभर तसेच सांगत राहतात. दंडाधिकाऱ्याकडे साधा अर्ज दिला की प्रत मागता येते आणि तिला पैसे पडत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

झडतीची रीत कलम १०३ मध्ये आहे. त्याच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला बोलवायचे. झडती त्यांच्यासमोर घ्यायची. काय सापडले आणि कुठे सापडले याची यादी करून त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. घरात राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे आणि यादीची प्रत द्यायची. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यायची. घरात पडदा पाळणाऱ्या स्त्रिया असतील, तर आत शिरण्यापूर्वी त्यांना बाजूला होण्याची सूचना आणि सवलत द्यायची. कलम १०५ तर नवेच आहे: झडती, जप्ती आणि यादीवरच्या सह्या यांचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे.

एवढी तजवीज कायद्याने का केली, हे समजायला आपल्या मराठी मुलखातला एक प्रसंग पाहावा लागतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग होता. प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाताखाली गोरे सैनिक घरोघर रोगी शोधू लागले. पेठाच्या पेठा वेढून झडत्या होत. प्रत्येक घरामागे वेगळे कारण द्यावे लागत नसे. प्लेग हे एकच कारण सगळ्या शहराला पुरत होते. सैनिक स्वयंपाकघरात, देवघरात शिरतात, सामानाची नासधूस करतात, बायकांशी नीट वागत नाहीत, अशा तक्रारींनी त्या वेळची वृत्तपत्रे भरली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग आपण शाळेत शिकतो.

त्याच वर्षीचा दुसरा भाग आपण कमी शिकतो. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांबद्दल तिथे जाहीर निवेदन केले. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, आणि आरोप सिद्ध करता येईल असा कागद किंवा उघडपणे उभा राहणारा साक्षीदार त्यांच्या हाती आला नाही. त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांसारखा काटेकोर माणूस, अन्यायाची चर्चा गावभर, आणि तरी माफी! नोंद नसलेल्या झडतीचे हे खरे रूप आहे. घराचे नुकसान एका दिवसात होते. पण नोंद नसली आणि शेजारी बोलला नाही, तर पुढे अन्याय झाला असे म्हणणाराच खोटा ठरतो.

आता संविधानाकडे येतो, कारण तिथे आपल्याच प्रांताचा एक माणूस उभा राहिला होता. पण सुरुवात त्याच्या आधीची. १९४७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यातही घराच्या अभंगतेचा हक्क होता. त्यावर संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी आक्षेप घेतला: चोरीचा माल अमुक जागी आहे असे कळल्यावर पोलीस आज कलम १६५ खाली लगेच झडती घेऊ शकतो, न्यायालयाच्या वॉरंटची वाट पाहावी लागली तर माल नाहीसा होईल. आक्षेप पोकळ नव्हता. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचाही विरोध होता. हक्क मसुद्यातून गळला.

३ डिसेंबर १९४८ रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तो दुरुस्तीच्या रूपाने पुन्हा मांडला. ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. आपले बुऱ्हाणपूर तेव्हा त्याच प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. म्हणजे हा सदस्य आपल्या प्रांताच्या वतीने बोलत होता. आंबेडकर म्हणाले की ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, तरीही ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर, संविधानात ठेवणे उपयोगाचे आहे. आपण दुरुस्ती स्वीकारायला तयार आहोत. सभागृहात गोंधळ झाला, मतदान पुढे ढकलले गेले, आणि ६ डिसेंबरला दुरुस्ती फेटाळली गेली. मसुदा समितीचा अध्यक्ष ज्या दुरुस्तीला राजी होता, ती पडली.

त्याची किंमत काय पडली, हे सहा वर्षांत दिसले. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितले की अवाजवी झडतीला मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखा खासगीपणाचा हक्क आपल्या संविधानकारांनी मान्य केलेला नाही, म्हणून तो ओढून आणता येत नाही. ही भिंत पाडायला ६३ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि शर्मा निकालातला तो भाग रद्द केला. त्या निकालात करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची हकीकत आली आहे. संविधान सभेत हरलेला माणूस अशा रीतीने न्यायालयात जिंकला.

मधल्या काळात घराचे दार कोणी राखले? ज्यांची नावे समाज आदराने घेत नाही, अशा माणसांनी. खरकसिंग हा उत्तर प्रदेशातला. दरोड्याच्या संशयातून पुराव्याअभावी सुटलेला. पोलिसांनी त्याचे नाव पाळतीच्या यादीत घातले. रात्री-बेरात्री दार ठोठावून तो घरात आहे का, हे पाहिले जाई. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या गृहभेटींचा नियम घटनाबाह्य ठरवला. १९७५ चा दुसरा खटला तर आपल्याच राज्याचा: गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. आपल्या पोलीस नियमावलीतल्या ८५५ आणि ८५६ या नियमांना त्यात आव्हान होते. न्यायालयाने नियम रद्द केले नाहीत, पण त्यांची मुभा आवळली. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी स्पष्ट केले की समाजाच्या सुरक्षिततेला धोका असेल तेव्हाच घरभेटी कराव्यात. तुरुंगातून सुटलेल्या प्रत्येकाच्या मागे नित्यक्रम म्हणून किंवा पोलिसाच्या लहरीवर नाहीत. आजही आपल्याकडे ‘कॉम्बिंग गश्त’ निघते आणि ‘निगराणी बदमाश’ म्हणून नोंदलेल्यांची दारे वाजतात. त्या प्रत्येक दारावर १९७५ चा हा निकाल लागू आहे.

ही दारे बहुधा कोणाची असतात, हेही बोलले पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरवली. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण पाल आणि झोपडी उचकटायला कारण लागत नाही ही समजूत काही गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात घरावर येणाऱ्या पोलिसांचे जे चित्र आहे, ते वाचल्यावर मध्यमवर्गीय मराठी वाचकाला कळले की काही घरांना दारच नसते. आपल्या जिल्ह्यात खकनार तालुक्यातले पाचोरी गाव बेकायदा देशी पिस्तुलांमुळे देशभर कुप्रसिद्ध झाले आहे. शस्त्रे बनवणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. पण कलम १८५ गावाचे नाव लिहून भागवू देत नाही. कोणत्या जागी, कोणती वस्तू, कोणत्या कारणाने, हे विचारते. एखादी जात किंवा एखादी वस्ती हे झडतीचे कारण होऊ शकत नाही.

या संदर्भात सीमेचा मुद्दाही महत्त्वाचा. आपण जळगाव आणि बुलढाण्याला लागून राहतो. बाहेरच्या राज्याचे पथक इथे येते तेव्हा लोक गोंधळतात. कलम १८६ सांगते की दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झडती हवी असेल तर त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला सांगावे. उशिराने पुरावा नष्ट होण्याची भीती असेल तर स्वतः झडती घ्यावी, पण लगेच तिथल्या ठाण्याला कळवावे, यादीची प्रत द्यावी आणि नोंदी दंडाधिकाऱ्याकडे पाठवाव्यात. म्हणजे पथक शेजारच्या रावेरचे असो की पुण्याचे, शहराच्या ठाण्यात त्याची नोंद सापडलीच पाहिजे.

आता एक अवघड गोष्ट. झडती बेकायदा असेल तर काय? राजस्थान राज्य विरुद्ध रहमान या खटल्यात अबकारी अधिकारी तंबाखू शोधायला आले होते. रहमानने त्यांना घरात येऊ दिले नाही, म्हणून त्याच्यावर खटला झाला. अधिकाऱ्याने झडतीआधी कारणे लिहिलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कारणे नोंदवणे ही महत्त्वाची पायरी आहे. ती गाळली म्हणून झडती बेकायदा, आणि बेकायदा झडती अडवणे हा गुन्हा नाही. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. पण त्यावरून कोणी दारात झोंबाझोंबी करू नये. कारणे लिहिली आहेत की नाहीत, हे दारात उभ्या माणसाला दिसत नाही. अंदाज चुकला तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा अंगावर येतो. विरोध शब्दांनी करावा, तोही साक्षीदारांसमोर.

दुसरी बाजू अशी की बेकायदा झडतीत सापडलेली वस्तू आपल्याकडे पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. अमेरिकेत १९६१ च्या मॅप खटल्यानंतर ती सगळ्या राज्यांत बाद होते. आपल्याकडे राधाकिशन या पोस्टमनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की झडती बेकायदा असली तरी जप्ती रद्द होत नाही; न्यायालय अशा पुराव्याची अधिक काळजीने छाननी करील, इतकेच. १९७३ च्या पूरणमल खटल्यातही तेच धोरण कायम राहिले. हा आपल्या कायद्यातला मोठा दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नियम मोडून मिळालेले फळ पचत असेल, तर नियम पाळण्याची गरज कोणाला वाटेल? खासगीपणा मूलभूत हक्क झाल्यावर या निकालांचा फेरविचार व्हायला हवा.

पण तो होईपर्यंत आपला सगळा भार पंचांवर आहे, आणि इथे मी तुमच्यापैकी प्रत्येकाशी बोलतो आहे. भिवंडीची गोष्ट ऐका. भिवंडीही आपल्यासारखीच यंत्रमागांची. १९६५ च्या नोव्हेंबरात एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका गरीब स्त्रीच्या झोपडीत गेला. त्याने बळजबरीचा प्रयत्न केला, असे तिचे म्हणणे. दारूबंदीचा छापा होता, असे त्याचे म्हणणे. तिने आरडाओरडा केला तेव्हा नवरा आणि शेजारी धावून आले. खातेचौकशीत तो बडतर्फ झाला. उच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले गेले. १९९० साली, पंचवीस वर्षांनी, महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली आणि सांगितले की स्त्रीचे चारित्र्य कसेही असो, तिच्या खासगीपणावर घाला घालण्याचा हक्क कोणाला नाही. त्या रात्री शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली असती, तर छाप्याची गोष्टच खरी ठरली असती.

आपल्या जिल्ह्यातही एक धडा आहे. २०१७ च्या जूनमध्ये, क्रिकेटच्या सामन्यानंतर पाकिस्तानच्या बाजूने घोषणा दिल्याच्या आरोपावरून मोहद गावातल्या मुसलमानांना अटक झाली. आधी राजद्रोहाचे कलम लावले, मग ते मागे घेतले. प्रकरण झडतीचे नव्हते, पण साक्षीदारांच्या सहीचे होते. कागदावर ज्यांची साक्ष होती, त्यांनीच असे काही घडले नसल्याचे सांगितले. २०२३ साली न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. सहा वर्षे ती माणसे तारखांना जात राहिली. न वाचलेल्या, न पाहिलेल्या गोष्टीखालची सही काय करू शकते, ते यावरून समजावे.

आपण पंच व्हायला नकार देतो. ‘कोर्टाच्या फेऱ्या कोण मारील’, ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणतो. मग ठरलेले पंच येतात. त्याच ठाण्याच्या आसपासचे, त्याच सह्या करणारे. लेखी आदेशाने बोलावूनही वाजवी कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे, ते असो. मी भीती घालायला आलेलो नाही. शेजाऱ्याच्या घरात जे घडले ते जसेच्या तसे सांगणारा माणूस हाच त्या घराचा पहिला वकील असतो, आणि प्रामाणिक पोलिसाचाही तोच आधार असतो. पुराव्याची वस्तू आपण पेरली नाही, हे अधिकाऱ्याला सिद्ध करायचे असेल तर त्यालाही स्वतंत्र पंचच लागतो.

म्हणून करायच्या गोष्टी सांगतो. पोलीस आले तर नाव, ठाणे आणि कारण विचारा. अटकेला आले की झडतीला, हे विचारा. दोन्हींचे नियम निराळे आहेत. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. मोहल्ल्यातले दोन पंच बोलवा, असे मोठ्याने सांगा. चित्रण सुरू आहे का, विचारा. झडतीभर खोलीत हजर राहा. कोऱ्या कागदावर सही करू नका. यादीची प्रत घेतल्याशिवाय त्यांना निरोप देऊ नका. नाही दिली तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, आणि कलम १८५ खालच्या नोंदीच्या प्रतीसाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. अर्जाचा नमुना आपल्या वकिलांनी हिंदीत, मराठीत आणि उर्दूत तयार करावा, आणि तो शनवाऱ्यापासून इतवाऱ्यापर्यंत प्रत्येक दुकानात फुकट मिळावा.

पोलिसांच्या विरोधात मी हे बोललो नाही. चोरी झालेल्या घरालाही झडतीचा अधिकार हवा असतो, आणि पळवून नेलेले मूल शोधायला वॉरंटची वाट पाहत बसणे कोणालाच परवडणार नाही. अधिकार राहू द्या. पण संविधान सभेत ज्याला नकार मिळाला तो हक्क पुढे न्यायालयांनी दिला, संहितेने कागदावर उतरवला. आता तो वापरणे एवढेच आपल्याकडे उरले आहे. पुढच्या वेळी शेजाऱ्याच्या दारात पोलीस दिसले, तर खिडकी लावून घेऊ नका. त्याचा धर्म, त्याची जात, तुमचे त्याच्याशी भांडण, काही आठवू नका. जा, पंच म्हणून उभे राहा, सगळे पाहा, यादी वाचून मग सही करा, आणि जे पाहिले नाही त्याखाली कोणी कितीही सांगितले तरी सही करू नका.